पाच गळे, दम एकच

थंडी उतरणीला लागली की खाडीवरचा वारा कोरडा होतो. ओठांवरून जीभ फिरवली तर खारट लागते. मिठाचा हंगाम आला, हे आमच्या गावात कुणी कुणाला सांगत नाही. पेणमधली माणसं भिंतीवरचं कॅलेंडर बघून महिना ओळखतात, मी ओठ चाटून ओळखतो, आणि आजवर चुकलेलो नाही. माझी शाळा चौथीची. चौथीसुद्धा अर्धीच झाली, कारण त्या माघात बापानं पाटी ठेवून घेतली आणि हातात मीठ ओढायची फळी दिली. तरी मीठ आणि गळा या दोन विषयांत माझ्याशी वाद घालायला कुणी येऊ नये.

यंदाही तो वारा सुटला. सकाळी बांधावर गेलो. आमच्या मिठाच्या आगरात आता तिवरांचं रान माजलंय, आत शिरायचं म्हटलं तर वाट नाही. एका कडेला दोन-चार वाफे अजून चालतात. त्यांत पाणी आटत आलं होतं आणि वर मिठाची साय धरायला लागली होती. दुधावर धरते तशीच, पण बोट लागलं की मोडते आणि तळाला जाते. ती साय बघताना मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवला. हंगाम मी पन्नासाच्या वर पाहिले. ते सगळे एकमेकांत विरघळून गेले, कुठला कोणता ते सांगता येत नाही. गेल्या वर्षीचा तेवढा वेगळा उरला. त्या हंगामात मी मिठाला हात लावला नाही. सुनेच्या खोलीत कपाटासमोर बसलो आणि माझ्या एका गळ्याचे पाच गळे करून घेतले.

का करून घेतले, ते सांगायचं तर आधी गाणं सांगायला हवं.

मिठागरातलं गाणं हौसेचं नसतं. वाफ्याच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी राहतात. हातात लांब दांड्याची फळी. तळाला बसलेलं मीठ पाण्याखालून ओढत बांधाशी आणायचं. मीठ फळीखाली खरखरत येतं, ऊन पाण्यावरून उडून डोळ्यांत जातं, तळव्यांच्या भेगांत खारं पाणी शिरतं आणि दिवसभर तिथे कुणीतरी विस्तव धरून बसल्यासारखं वाटतं. ओढताना माणसाचा सगळा दम हातात जातो, तोंडात काही उरत नाही. म्हणून एकानं ओढायचं तेव्हा दुसऱ्यानं गायचं. दुसरा वाकला की पहिल्यानं ओळ उचलायची. गाणं मध्येच तुटलं तर ओढ चुकते, फळ्या एकमेकींवर आपटतात आणि जमवलेलं मीठ परत पाण्यात पसरतं. दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, हा तिथला एकच कायदा. तो कुणी तोंडानं शिकवत नाही. दोनदा मीठ पसरलं की येतो.

आमच्या गाण्याच्या पहिल्या ओळी आखूड आहेत.

भरती आली, बांध राख,
ओहोटी गेली, मीठ चाख.

या ओळी पोरंसुद्धा म्हणतात. खरी ओळ त्यांच्यानंतर येते. ‘पल्याड दिवा लागला गो, माझ्या आईच्या दारी.’ यातल्या ‘गो’वर सूर धरून थांबायचं असतं, फळी वाफ्याच्या या टोकाची त्या टोकाला पोचेपर्यंत. गावातल्या बाया म्हणतात, ही ओळ खाडीपलीकडे दिलेल्या एका मुलीची. ती आमच्या बापजाद्यांनी मिठागरात का नेली मला माहीत नाही. लांब होती म्हणून नेली असेल.

वाफ्याच्या दुसऱ्या बाजूला माझ्यासमोर कायम एकच माणूस असायचा, पांडू. माझ्याच वयाचा, माझ्याहून वीतभर बुटका, आणि बोलायला इतका कंजूष की बायकोला हाक मारायची तर आधी खाकरायचा. आगरं एकेक करून बंद पडायला लागली तशी आम्ही गावात भजनी मंडळी काढली. मी बुवा. पेटी घेऊन पुढे बसायचो. पांडू मागे, झील धरायला. बुवानं ओळ टाकली की मागच्यांनी ती झेलून धरायची, तिला आम्ही झील म्हणतो. मागे सहा-सात जण असत, पण झील खरी पांडूची. त्याचा गळा वर चढायचा नाही. मी सा लावला की तो खालच्या प वर जाऊन बसायचा, आणि तिथून माझ्याबरोबर चालायचा. मी वर घर बांधायचो, तो खाली जोतं घालायचा. लोक घर बघतात. मीही घरच बघत होतो.

मग खांब गावचा तो दिवस आला. दुपारची वेळ, देवळापुढे मांडव, समोर दुसऱ्या गावची मंडळी. भजनं झाली आणि तिथल्या लोकांनी मिठागरातलं गाणं म्हणा म्हणून आग्रह धरला. आखूड ओळी झोकात गेल्या. मग मी ‘पल्याड दिवा लागला’ म्हटलं, आणि माझा ‘गो’ यायच्या आधीच पांडू मागून आत शिरला. माझ्या आधी. मांडवातल्या लोकांना ते आवडलं, कुणीतरी वाहवा दिली, ती वाहवा पांडूच्या अंगावर पडली. मी पेटीचा भाता मिटला. उठलो आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, बुवा व्हायचं असेल तर पुढे येऊन बस, मागून माझा शब्द ओढू नकोस. पांडूनं टाळ पिशवीत भरले आणि हमरस्त्याला जाऊन गाडीची वाट बघत उभा राहिला. त्याच वर्षी तो लेकाकडे, रोह्याजवळच्या अष्टमी गावाला, राहायला गेला. त्याचा लेक रोह्याच्या कंपनीत आहे. सात वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर विरघळला असता. मी विरघळलो नाही. आमचं मीठसुद्धा जाड दाण्याचं असतं.

गेल्या वर्षी पौषात गावची माणसं जत्रेचं ठरवायला माझ्या ओट्यावर जमली होती. चैत्रातली जत्रा. मिठागरं तर गेली, निदान त्यांचं गाणं पालखीपुढे स्पीकरवर लावू, असं एकानं काढलं. सगळ्यांना पटलं. मी मान डोलावतोय तोवर दुसरा म्हणाला, पण बुवा, पांडूशिवाय ते गाणं अर्धंच होणार. मी म्हणालो, जत्रेला गाणं वाजेल, पुरं वाजेल, आणि त्यात पांडू नसेल. बोलून बसलो. माझा शब्द मी कधी परत घेतलेला नाही. जत्रेला तीन महिने होते, आणि झील धरणारा गावात एकही उरला नव्हता. दोन वर गेले, बाकीचे पनवेल-मुंबईला.

मनीषा, माझी सून, तेव्हा पडवीत वाल निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माणसं गेल्यावर म्हणाली, “मामा, तुम्ही एकटे गा. मागचे चार जण मी आणते.”

“कुठून?”

“तुमच्यातूनच.”

ही मनीषा हळदीची गाणी गाते. आमच्याकडे हळदीला दर लगीनसराईत नवीन गाणी लागतात, आणि पेणपासून उरणपर्यंत तिची गाणी वाजतात. माझा मुलगा डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला गेला की खोली तिच्या ताब्यात. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, त्यांवर गोधड्या टाकायच्या, मध्ये माईक उभा करायचा, की झाला तिचा स्टुडिओ. मी आधी तिची चेष्टा करायचो. माणसं गोधडीत झोपतात, आमची सून गोधडीत गाते. त्या दिवसापासून चेष्टा बंद केली, कारण त्याच गोधड्यांत तोंड घालून मला गायचं होतं.

कानात तिनं माझा नेहमीचा सूर लावला, काळी चारचा. समोर पेटी नाही, टाळ नाही, माणूस नाही. गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा वास. मी डोळे मिटले आणि गाणं एका दमात म्हणून टाकलं. म्हणजे मला तसं वाटलं.

मग तिनं लॅपटॉपवर एक खिडकी उघडली. खिडकीत चार ओळी, आणि दर ओळीपुढे एक आकडा बदलायची जागा. वर तीन, वर पाच, खाली चार, खाली आठ. मूळ आवाजापासून दुसरा आवाज किती सुरांवर बसवायचा, त्याचा तो आकडा. मूळ सूर धरून मोजायचं. सा, रे, ग, म्हणजे वरचा तिसरा. सा, नि, ध, प, म्हणजे खालचा चौथा. मी बोटांवर मोजून बघितलं आणि मला गंमत वाटली. पेटीवर बसून मी आयुष्यभर हेच मोजत आलो, फक्त त्याला कुणी खिडकी केली नव्हती.

पहिल्या दिवशी फजिती झाली, आणि ती माझ्यामुळे नव्हे. मनीषानं अंतर पेटीच्या पट्ट्यांत देऊन टाकलं, सरसकट चार पट्ट्या वर. मी सा म्हणायचो आणि वरचा आवाज शुद्ध ग म्हणायचा. आमच्या गाण्याचा ग कोमल आहे. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं झालं, आणि दर घासाला. मी म्हटलं, हे बंद कर. ती म्हणाली, थांबा मामा, याला आधी स्केल सांगते, मग तो आपल्या मनानं कुठे तीन पट्ट्या जायचं आणि कुठे चार ते बघेल. यंत्राकडे दोन तयार चाली होत्या, मेजर आणि मायनर. मेजर लावली, खडा तसाच राहिला. मायनर लावली, ग बसला, पण आता ध खाली घसरला. हळदीच्या गाण्यांचं या दोहोंत भागत असे, त्यामुळे तिलाही पुढे सुचेना.

“मग हे गाणं हाय तरी कुठल्या स्केलात?” तिनं कपाळाला हात लावून विचारलं.

“मिठागराच्या,” मी म्हणालो.

पेटी पुढे ओढली आणि एकेक सूर दाबून दाखवला. तिनं यंत्रातल्या बारा पट्ट्यांपैकी तेवढ्याच पेटत्या ठेवल्या. ग कोमल, नि कोमल, बाकीचे शुद्ध. सात पेटल्या, पाच विझल्या. त्यानंतर यंत्र गाण्याच्या बाहेर एकदाही गेलं नाही. शिकलेल्या माणसांनी बनवलेल्या यंत्राला चौथीच्या माणसानं वाट दाखवली, ही गोष्ट मी त्या आठवड्यात पेणच्या बाजारात चार जणांना सांगितली.

मग एकेक आवाज बसवायला घेतला. वरचा तिसरा बाईसारखा बारीक यायला लागला. खालचा आठवा रेड्यासारखा. त्यासाठी गळा जाड-बारीक करायचं एक वेगळं बटण होतं, ते तिनं इकडे-तिकडे फिरवून माणसाच्या जागी आणलं. चारही आवाज माझ्या पायात पाय घालून चालत होते, म्हणून एकेकाला किंचित मागे ठेवलं, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही निम्म्यानं. एकाला डाव्या कानात सरकवलं, एकाला उजव्या. शेवटी खालचा चौथा उघडला. पांडूची जागा. मी वर सा वर, तो खाली प वर. माझ्या अंगावर काटा आला, हे मी लपवणार नाही. सात वर्षांनी त्या जागेवर कुणीतरी येऊन बसलं होतं.

फक्त एका ठिकाणी ते दोघं एकमेकांना चावत होते. गाण्यात ध एकदाच येतो, ‘आईच्या’वर. तिथून चार सूर उतरलं की कोमल ग लागतो, आणि वरच्या धचं आणि त्याचं पटत नाही. मी म्हटलं, पांडू इथे असा चावत नसे. मनीषा म्हणाली, मग काय म्हणायचा ते सांगा, मी तेवढाच सूर हातानं सरकवते. मला सांगता येईना. पन्नास वर्षांच्या आसपास जो माणूस माझ्या समोर आणि मागे गायला, तो या एका अक्षरावर काय करतो ते मी कधी ऐकलंच नव्हतं. दोन दिवस मी ते शोधत होतो. आंघोळीला, जेवताना, बांधावर. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडताना आठवलं. तो एक पट्टी आणखी खाली जायचा, रे वर. त्याला ना ध कळत होता ना रे. चिखलातून चालताना पुढे खड्डा असला की पाय आपोआप लांब पडतो, तसा तो त्या जागेवरून पुढे जायचा. मनीषानं सूर रे वर ओढला, आणि चावणं थांबलं.

गाणं पुरं झालं. मी खुर्चीत मागे रेलून पाय लांब केले. मुलगा शिफ्टवरून आला होता, त्याला उभ्या-उभ्या ऐकवलं. तो म्हणाला, मंडळी परत आल्यासारखी वाटते. मी म्हटलं, मंडळी कशाला, मी आहे की. पाचही मीच.

त्याच संध्याकाळी मनीषानं मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पाच आवाजांच्या पाच पट्ट्या एकाखाली एक मांडलेल्या होत्या. आवाज मोठा तिथे पट्टी फुगलेली, बारीक तिथे निमुळती. आणि एका जागी पाचही पट्ट्या सपाट. वरून खाली एकाच रेषेत, बांध फुटून गेल्यासारखी फट.

“मामा, इथं तुम्ही श्वास घेता,” ती म्हणाली.

मी विचारलं, इथं म्हणजे कुठे. तिनं वाजवून दाखवलं. ‘लागला’ झालं, आणि गाण्यात भोक पडलं. पाच माणसं एकदम गप्प. मग पाचही एकदम ‘गो’ म्हणाली.

मी ठणकावून सांगितलं की मी तिथे श्वास घेत नाही, कधी घेतलेला नाही, ‘लागला गो’ हा एका दमाचा मामला आहे. ती वाद घालणारी नाही. म्हणाली, मग परत म्हणा. परत म्हटलं. पट्टी तिथेच सपाट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट रिकामं ठेवून म्हटलं. तिथेच. उभं राहून म्हटलं. तिथेच, आणि जरा रुंद. त्या यंत्राला मी ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्याचा दोष नव्हता. त्यानं माझ्यातूनच चार जण काढले होते. माझा दम सरला की त्यांचाही सरणार. मिठागरात जे कधी होऊ द्यायचं नसतं तेच झालं होतं, सगळ्यांनी एकदम श्वास घेतला होता.

मनीषा म्हणाली, “यात काय, मी आधीचा सूर ताणून फट बुजवते. दहा मिनिटांचं काम.” तिनं बुजवलीसुद्धा. ऐकताना कुणाला कळलं नसतं. ‘लागला’ लांबत लांबत ‘गो’ला जाऊन मिळत होतं, गुळगुळीत. जत्रेतल्या माणसांनी माना डोलावल्या असत्या आणि माझा शब्द खरा झाला असता.

मी ते गाणं तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावायला सांगितलं आणि मध्येच थांबवलं. कारण ती जागा माझ्या ओळखीची होती. मनीषानं जिथून सूर ताणला होता, नेमका तिथूनच खांबच्या मांडवात पांडू आत शिरला होता.

त्यानंतर दहा-पंधरा दिवस मी बांधावर जाऊन बसायचो. वाफ्यांत मीठ चांगलं धरलं होतं त्या वर्षी, उन्हात इतकं चमकायचं की बघवत नव्हतं. मी मनातल्या मनात खांबचा तो मांडव पुन्हा पुन्हा उभा करत होतो. वाहवा कुठून आली, कुणी दिली, ते सगळं स्पष्ट आठवत होतं. माझा स्वतःचा श्वास तेवढा आठवत नव्हता. माणसाला दुसऱ्याची घाई ऐकू येते, आपला तुटलेला दम ऐकू येत नाही, कारण त्या वेळी तो दम घेण्यातच गुंतलेला असतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. एका सपाट पट्टीनं शिकवलं.

फाल्गुनात एका सकाळी मी मनीषाला सांगितलं, पिशवीत तुझा तो छोटा माईक घे, रोह्याला जायचंय. तिनं कशाला असं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, तुमचं भांडण तुम्ही बघा, मला फक्त आवाज नीट मिळाला पाहिजे.

एसटीनं रोह्याला उतरलो. कुंडलिकेचा पूल चालत ओलांडला. नदीला पाणी होतं, पुलावरून ट्रक जात होते. पूलच हलत होता, मी नव्हे. अष्टमीत पांडूच्या लेकाचं घर एका किराणा दुकानाच्या वर आहे. जिना चढताना मी दोनदा थांबलो. मनीषानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पांडू गॅलरीत बसून भिजवलेले वाल सोलत होता. सालांचा एक ढीग, डाळिंब्यांचा एक. त्यानं वर बघितलं, मला ओळखलं, आणि पुन्हा ताटात बघितलं.

“रस्ता चुकलास काय?” तो म्हणाला.

“चुकलो असतो तर पुलाच्या पल्याडूनच परत गेलो असतो,” मी म्हणालो.

त्यानं ताट माझ्या बाजूला सरकवलं. मी बसलो आणि सोलायला लागलो. मनीषा आत त्याच्या सुनेशी बोलायला गेली, ती चहा घेऊनच बाहेर आली. तोवर आम्ही दोघांनी अर्धं ताट संपवलं होतं आणि बोलणं एवढंच झालं होतं की यंदाचे वाल किडके आहेत.

चहा झाल्यावर मी मनीषाला गाणं लावायला सांगितलं. बुजवलेलं नव्हे, पहिलं, फटीसकट. पांडूनं मान खाली घालून ऐकलं. हात थांबले होते. ‘आईच्या’वर त्यानं एकदा भुवई उचलली. संपल्यावर म्हणाला, “खाली कोन हाय?”

“मीच. सगळे मीच हाय. यंत्रात काढलेत.”

“बरा गातो,” तो म्हणाला. “पन मागं बसून गायची त्याला सवय नाय.”

मनीषा हसली. मी हसलो नाही. घरून निघाल्यापासून जे तोंडात धरलं होतं ते बोलायचं होतं, आणि ते मिठाच्या खड्यासारखं विरघळतही नव्हतं आणि गिळलंही जात नव्हतं.

“पांडू, ‘लागला’वर माझा दम तुटतो.”

“म्हाईत हाय.”

“कवापासून?”

त्यानं मनीषाकडे बोट केलं. “हिच्या लग्नापासून.”

मनीषाच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. म्हणजे खांबच्या आधी सात वर्षं, जिथे जिथे आम्ही ते गाणं म्हटलं तिथे तिथे, माझा श्वास संपायच्या आत तो हळूच येऊन उभा राहायचा आणि मी परत आलो की बाजूला व्हायचा. मला एकदाही कळलं नाही. खांबला माझा दम रोजच्यापेक्षा लवकर तुटला, त्यामुळे त्याला लवकर यावं लागलं, एवढाच त्याचा गुन्हा.

“मग सांगितलं का नाय?”

पांडूनं एक वाल सोलला, डाळिंबी ढिगात टाकली. “सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस. मग मी झील कोनाच्या मागं धरू?”

माफी मागायची पद्धत मला येत नाही. आमच्या घरात कुणी मागितलेली मी पाहिली नाही. मी उठलो, गॅलरीतली चटई झटकली आणि भिंतीपासून जरा पुढे अंथरली. त्याला म्हटलं, आज तू पुढे बस. तो म्हणाला, मना पुढचं येत नाय. मी म्हटलं, येतं, सगळी हयात ऐकलंयस. तो नाही नाही म्हणत राहिला, गळा वर जात नाही म्हणाला. मी म्हटलं, मग खालून म्हण, तुझा सा कुठे आहे तो सांग, मी तिथून मोजून घेतो. शेवटी त्याची सून आतून म्हणाली, मामा, बसा की, एवढे पेणवरून आलेत ते. तेव्हा तो बसला. मनीषानं माईक त्याच्यापुढे ठेवला, कानाला हेडफोन लावले आणि खाली दुकानासमोर थांबलेला टेम्पो जाईपर्यंत हात वर धरून ठेवला.

मी त्याच्या मागे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या मागे बसलो होतो, आणि समोर फक्त एक पाठ होती. मळका सदरा, मानेवर दोन सुरकुत्या, पांढरे केस. पुढे बसणाऱ्याला लोक दिसतात. मागे बसणाऱ्याला तेवढी पाठच दिसते, दुसरं बघायला काही नसतं.

त्यानं आखूड ओळी म्हटल्या. गळा घोगरा होता पण सूर जागच्या जागी. मी खालचा चौथा धरला, मोजून. मग तो लांब ओळीवर आला. ‘पल्याड दिवा’ म्हणताना पाठ सरळ होती. ‘लाग’ म्हणताना, दम सरत आला तसे, त्याचे दोन्ही खांदे हळूच कानांकडे सरकायला लागले. त्याचं अक्षर अजून संपलं नव्हतं. मी आत शिरलो.